खोडनाथाचा नियम

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आपल्या संस्थेच्या आधारस्तंभ माननीय भावनाताई, व्यासपीठावर विराजमान असलेले आपले मुख्याध्यापक प्रणित घरत सर, बत्तीस वर्षं या शाळेच्या भिंतींना बोलतं करून आज आपला निरोप घेणारे सत्कारमूर्ती नियाज मुकादम सर, त्यांच्या डब्यातली खिमा-पोळी स्टाफरूममध्ये वाटली जाणार हे गृहीत धरून रोज चार पोळ्या जास्त देणाऱ्या शरीफाभाभी, माझे सहकारी, पालक, आणि आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

मी आशालता ठाकूर. या शाळेत चोवीस वर्षं मराठी शिकवते आहे. मला पाच मिनिटं दिली आहेत. मराठीच्या शिक्षकाला पाच मिनिटं देणं हा विनोद आहे हे प्रणित सरांनाही माहीत आहे, म्हणून त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलेलं नाही. त्याबद्दल त्यांचे आभार.

माझ्याआधीच्या वक्त्यांनी नियाज सरांच्या रंगसंगतीबद्दल सांगितलं, जिल्ह्यात मिळालेल्या बक्षिसांबद्दल सांगितलं. ते सगळं खरं आहे. पण मी आज एका खलनायकाबद्दल बोलणार आहे. आणि त्या खलनायकाच्या निमित्ताने मला एक कबुली द्यायची आहे. ती मी नऊ वर्षं कोणाला दिलेली नाही, नियाज सरांनाही नाही. सर निवृत्त होण्याआधी ती दिली नाही, तर मला इथे पुढची दोन वर्षं धडपणे शिकवता येणार नाही.

माजी विद्यार्थी हसायला लागले, म्हणजे त्यांना कळलं. होय, खोडनाथ.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर दर सोमवारी भित्तिपत्रक लागतं. त्याची संपादक मी. त्यात सुविचार, दिनविशेष, एक कविता आणि वाढदिवस असा माझा सात्त्विक मजकूर असायचा आणि तो कोणीही वाचत नसे. नऊ वर्षांपूर्वी जूनमध्ये मी नियाज सरांना विनंती केली की खालच्या कोपऱ्यात एक चित्रकथा द्या, मुलं निदान भिंतीपर्यंत येतील. सरांनी पहिल्याच आठवड्यात एक महानायक दिला. कॅप्टन कर्नाळा. डोक्यावर किल्ल्याच्या सुळक्यासारखा टोप, पाठीवर भगवी झूल, पोटाला सहा घड्या. तो पळस्प्याच्या नाक्यावर उलटलेले टँकर एका हाताने सरळ करायचा. मुलांनी दोन सोमवार पाहिलं आणि तिसऱ्या सोमवारी पुन्हा भिंतीकडे पाठ फिरवली.

चौथ्या सोमवारी खोडनाथ आला.

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी निराशा झाली. मी सरांना म्हटलं, हा कसला खलनायक? ना सुळे, ना शिंगं, ना गडगडाटी हसू. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, काखेत एक जाडजूड रजिस्टर आणि हातात खोडरबर. परीक्षेच्या पर्यवेक्षकासारखा दिसणारा माणूस. बोलणं तर इतकं अदबीचं की, "माफ करा, जरा बाजूला होता का, एवढं खोडून घेतो." यात भीती वाटण्यासारखं काय आहे?

सर चहा पीत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, दातांचा खौफ तीन दिवस टिकतो. नियमाचा खौफ जात नाही."

आणि खोडनाथाला नियम होता. ज्याच्याकडे दिवसभरात एकाही माणसाने नीट पाहिलेलं नाही, तेवढंच त्याला खोडता यायचं. त्याच्या रजिस्टरमध्ये सगळ्या जगाला नंबर दिलेले होते. तो मान खाली घालून नंबर वाचायचा, खूण करायचा आणि खोडायचा. एकदा खोडलं की ती वस्तू होती हेसुद्धा कोणाला आठवायचं नाही. सर अख्खी चित्रकथा पेन्सिलीने काढायचे, खोडनाथ तेवढा शाईने. आणि जे खोडलं जायचं ते सर खरोखरच रबराने खोडायचे. कागदावर तिथे एक मळकट डाग उरायचा. तो डाग पाहून मलासुद्धा कसंतरी व्हायचं.

पहिल्यांदा त्याने आपल्या मैदानातली जुनी हापशी खोडली. सोमवारी प्रार्थनेनंतर अर्धी शाळा मैदानाच्या कोपऱ्यात धावली, हापशी आहे का बघायला. होती. ती तिथे आहे हे कित्येकांना त्या दिवशीच कळलं. मग त्याने प्रयोगशाळेतला फुटका पृथ्वीगोल खोडला. मग एका सोमवारच्या शेवटच्या चौकटीत तो घंटेजवळ उभ्या असलेल्या शिपायाच्या मागे येऊन उभा राहिला, रजिस्टर उघडून. दुसऱ्या दिवसापासून आपल्या काशिराममामांना दोन-अडीचशे मुलं येता-जाता नावाने हाक मारून नमस्कार करायला लागली. काशिराममामा आज मागे दाराशी उभे आहेत, ते साक्षीला आहेत. तेव्हा ते मला म्हणाले होते, "बाई, ह्यो खोडनाथ बरा हाय. बावीस वर्सां घंटा मारतंय, आता पोरं मना नावानी हाक मारतान."

माझ्या मात्र पोटात दुखायला लागलं. भित्तिपत्रक माझं आणि नाव होतंय एका खलनायकाचं. मुलं मधल्या सुट्टीत काखेत वही घेऊन, चष्मा नाकावर ओढून खोडनाथ व्हायची. कॅप्टन कर्नाळा व्हायला एक मुलगा तयार नाही. वाईटाचं एवढं आकर्षण का, असा प्रश्न मी स्टाफ मीटिंगमध्ये गंभीर चेहऱ्याने विचारला. सर म्हणाले, कर्नाळ्याच्या पोटाला घड्या आहेत, पोटात काही नाही; खोडनाथ कामाला आलाय, म्हणून मुलं त्याच्याकडे बघतात. मला वाटलं, नेहमीची चित्रकाराची उडवाउडवी.

तेवढ्यात विचुंब्याच्या नव्या सोसायटीतल्या एक पालक, हेतलबेन, तक्रार घेऊन आल्या. त्यांचा मुलगा जेवताना आजोबांकडे एकटक बघत बसतो. घास तोंडात घालतो पण नजर हलवत नाही. विचारलं तर म्हणतो, आज दादाजींकडे कोणी बघितलं नाही, मी नाही बघितलं तर जातील. हेतलबेन अगदी रडकुंडीला आल्या होत्या. आजोबा मात्र खूश होते असं नंतर कळलं, पण तक्रारीत तसं लिहिता येत नाही.

तो तक्रारअर्ज लिहिला कोणी? मी. हेतलबेनना मराठी लिहिण्याची सवय नव्हती म्हणून मी मदत केली असं मी सगळ्यांना सांगितलं. ते अर्धं खरं. त्यातलं "बालमनावर होणारे विपरीत परिणाम" हे वाक्य माझं होतं आणि मला त्याचा अभिमान होता. अकरा पालकांच्या सह्या झाल्या. प्रणित सर तेव्हा नुकतेच मुख्याध्यापक झाले होते. त्यांनी निर्णय दिला की येत्या सोमवारी खोडनाथाचा शेवट करा, कॅप्टन कर्नाळाने त्याला हरवलं असं दाखवा आणि विषय संपवा. नियाज सरांनी वाद घातला नाही. ठीक आहे म्हणाले आणि कागद आणायला गेले.

शनिवारी शाळा सुटल्यावर भित्तिपत्रकाची पत्रपेटी उघडायची आमची पद्धत आहे. पेटी म्हणजे बिस्किटांचा जुना डबा. एरवी त्यात चॉकलेटचे कागद निघतात. त्या शनिवारी एक पत्र निघालं. सहावीला मी पत्रलेखन शिकवते, त्याच साच्यातलं पत्र. ते मी जपून ठेवलेलं आहे, आज आणलंय, तसंच वाचून दाखवते.

"तीर्थरूप खोडनाथ काका यांस, शिरसाष्टांग नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण की, मी सहावी ब मध्ये आहे. माझ्याकडे पुष्कळ दिवस कोणी बघितलं नाही म्हणजे आता माझा नंबर असेल. तुम्ही मधल्या सुट्टीच्या नंतर या, कारण आई डब्यात बोंबील देते ते फुकट जातील. एक विचारायचं होतं. तुम्ही खोडलं की कोणालाच आठवत नाही, तर माझ्या आईला पण आठवणार नाही ना? म्हणजे ती रडणार नाही. एवढं कळवावे. आपली आज्ञाधारक."

खाली नाव नाही.

मंडळी, सहावी ब ची वर्गशिक्षिका मी होते.

आता कबुली. मी ते अक्षर ओळखलं नाही. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत मी त्या मुलीच्या वह्या तपासत होते, आणि मला ते अक्षर ओळखता आलं नाही. मी कपाटातून बेचाळीस वह्या काढल्या आणि एकेक लावून बघितली. एकतिसाव्या नंबरची वही जुळली. मैना. आडनाव सांगत नाही. आणि ते नाव वाचून माझ्या डोळ्यांसमोर चेहरा आला नाही. बेंच आठवला नाही, आवाज आठवला नाही. मी हजेरी नंबरने घ्यायचे. वेळ वाचतो. मान रजिस्टरमध्ये, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, एक, दोन, तीन. आवाज आला की खूण. एकतीसच्या पुढे मी जवळजवळ नव्वद खुणा केलेल्या होत्या.

भिंतीवरचं चित्र तेव्हा माझ्या लक्षात आलं. स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांना म्हणे ते पहिल्या दिवशीच कळलं होतं. कोणी बोललं नाही. आत्ताही काही जण खाली बघून हसताय, दिसतंय मला.

मी पत्र घेऊन चित्रकलेच्या खोलीत गेले. सर शेवटच्या भागाच्या चौकटी आखत होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मी फक्त एवढंच म्हटलं की ही एकतीस नंबरची मुलगी आहे. चेहरा आठवत नाही हे गिळून टाकलं. आठवड्यातून एकच तास त्या वर्गावर जाणारे सर म्हणाले, "मैना. खिडकीकडची रांग, शेवटचा बाक. डावरी आहे, पण कोणी बघत असेल तर पेन्सिल उजव्या हातात घेते. यावर्षी करंजाकडून आलीय."

मी विचारलं, सर, तो रजिस्टरवाला मी आहे का?

सर गडबडले. म्हणाले, "नाही हो बाई, कसम से. मी माझ्याकडे बघून काढला. बावीस वर्षं मीही वह्यांवर मान खाली घालून सह्या करत होतो. एकदा एका मुलाने कोऱ्या पानावर सही घेतली माझी, आणि मला कळलंसुद्धा नाही. ज्याला आपण आरशात ओळखतो ना, त्याचाच खौफ खरा."

मी पुष्कळ वाचलेली बाई आहे. खलनायक का भिववतो आणि का खेचून घेतो, यावर मी तुम्हाला तासभर पुस्तकी बोलू शकते. पण त्या दिवशी मला जे कळलं ते एवढंच. राक्षस आला तर आपण पळू, दार लावू, पोलिसांना बोलावू. पण जो आपल्याच सवयीने वागतो, आपल्याच अदबीने बोलतो आणि आपलं काम फक्त जरा जास्त चोख करतो, त्याच्यापासून पळायचं कुठे? आणि त्याच्यावरून नजर हलवायची तरी कशी? आपण पुढे काय करणार आहोत हे बघायचं असतं ना आपल्याला.

मी म्हटलं, सोमवारी तिला ऑफिसात बोलावून घेऊ, तिच्याशी नीट बोलू. सरांनी नकारार्थी मान हलवली. ऑफिसात बोलावलं की सगळा वर्ग बघणार, पण तसं बघणं तिला नको असेल. "तिने तुम्हाला विचारलेलं नाही बाई, मलाही नाही. खोडनाथला विचारलंय. जवाब त्यालाच द्यावा लागेल." मग ते प्रणित सरांकडे गेले. प्रणित सरांनी पत्र वाचलं, आणि हे मला आज जाहीरपणे सांगायलाच हवं, त्यांनी आपला निर्णय तिथल्या तिथे मागे घेतला. तुम्हाला योग्य वाटेल तो शेवट करा म्हणाले.

रविवार मला काढवेना. सकाळी मी पनवेलच्या मासळी बाजारात गेले. मैनाची आई, रमाबाई, तिथे बसते हे शाळेच्या दाखल्यावरून कळलं होतं. वडील उरणला बोटीवर. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि मी कोण हे मला सांगता येईना. पापलेट घेतलं. मुलंबाळं किती, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. ती खवलं काढता काढता म्हणाली, एक पोर हाय, साळत जाते, आता घरा रांधतेय. मग जरा थांबून म्हणाली, "बोलत नाय कोनाशी. पन बरी हाय." मी पिशवी उचलली आणि घरी आले. पापलेट कोणी खाल्लं ते मला आठवत नाही.

सोमवारी भिंतीवर चार चौकटी होत्या. पहिलीत खोडनाथ एका वर्गात शिरतो, मान रजिस्टरमध्ये. दुसरीत तो शेवटच्या बाकाशी येतो. बाकावर पाठमोरी मुलगी, दोन वेण्या, चेहरा दिसत नाही. तो रबर पुढे करतो. तिसरीत ती मुलगी विचारते, "काका, माझ्या आईला आठवणार नाही ना?" चौथी चौकट मोठी होती. खोडनाथाला आजवर कोणी काही विचारलेलंच नव्हतं. त्याने रजिस्टरमधून मान वर केली होती. पहिल्यांदाच आम्हाला त्याचे डोळे दिसले. थकलेले, साध्या माणसाचे डोळे. आणि तो म्हणत होता, "अरेरे. मी पाहिलं तुझ्याकडे. आता मला तुला कधीच खोडता येणार नाही."

कॅप्टन कर्नाळा त्या भागात कुठेच नव्हता. एका मुलाने ओरडून दाखवलं की बाकावरची मुलगी शाईने काढली आहे. मग सगळ्यांनी ते तपासून पाहिलं. सहावीतल्या निम्म्या मुली वेण्या पुढे घेऊन एकमेकींना सांगत होत्या की ती मीच आहे. त्यातली खरी कोण हे त्यांना कळलं नाही, आणि सरांना तेच हवं होतं.

पहिला तास माझा होता. मी रजिस्टर उघडलं, आणि मिटलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला, कारण तो वाचायचाच होता, मुलं बघायला मला लागत नाही. आणि नावाने हजेरी घेतली. प्रत्येक नावाला थांबले, त्या मुलाकडे बघितलं, मगच पुढचं नाव. वर्ग आधी खुसफुसला, मग शांत झाला. मैनाचं नाव घेतलं तेव्हा खिडकीकडच्या शेवटच्या बाकावर एक बारकी मुलगी उभी राहिली. ती हजर म्हणाली नाही. मी तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे. बराच वेळ गेला असेल, कारण पुढच्या बाकांवरची दोन मुलं उठून मागे बघायला लागली.

मला वाटलं, ही आता रडणार. की मीच रडणार आहे?

त्या वर्गात पाच महिने बसलेली ती मुलगी मला म्हणाली, "बाई, तुमचे डोले घारे हायत."

नियाज सर, ही गोष्ट तुम्हाला मी कधी सांगितली नाही. त्या दिवशी तुम्ही विचारलंत, तर मी वर्ग ठीक होता म्हणाले. तिला मी पाच महिने पाहिलं नव्हतं, आणि म्हणून तिनेही मला कधी पाहिलेलं नव्हतं, हे मला सहन झालं नाही. आता सांगितलं. बरं वाटलं.

मैनाचं पुढे काय झालं म्हणाल, तर काही अजब झालं नाही. ती दहावीपर्यंत इथे होती, बऱ्यापैकी बोलायला लागली, माझ्या तासाला तर जरा जास्तच. डाव्या हाताने लिहायची, आणि अक्षर शेवटपर्यंत खराबच राहिलं. सध्या रोडपालीला वसतिगृहात राहून नर्सिंग करते. आज तिची ड्युटी आहे म्हणून आली नाही.

सर, तुम्ही चाललात. तुमच्याशी मी बत्तीसपैकी चोवीस वर्षं भांडले. कागद जास्त वापरता म्हणून, घंटेनंतर मुलांना सोडत नाही म्हणून, माझ्या संपादकीयाभोवती वेलबुट्टी काढता म्हणून. तुमच्यावर माझा जीव आहे, हे भांडणात सांगायचं राहून गेलं. आज भरसभेत सांगते. शरीफाभाभी, यांना घरी बसवून ठेवू नका, भिंती रंगवतील.

समारंभाच्या अध्यक्ष भावनाताईंनी मला बोलू दिलं, प्रणित सरांनी पाच मिनिटांची वीस होऊ दिली, तुम्ही सर्वांनी ती ऐकून घेतलीत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर उदार मनाने सांभाळून घ्या. पण एक माफी अशी आहे की ती या सभागृहाकडे मागून चालणार नाही. ती मागायला मी उद्या नर्सिंगच्या वसतिगृहावर जाणार आहे. भेटायची वेळ चार ते पाच आहे. सर, तुम्ही येणार असाल तर पावणेचारला फाटकाशी उभे राहा.

नमस्कार.